न्यायाधीशांना संघटना कशाला लागते?

ओसरी

परवा घरच्या कार्यक्रमात गप्पा चालल्या होत्या. कुणीतरी हसत विचारलं, "म्हणजे जज लोकांचीही युनियन असते?" सगळे हसले. मला त्या वेळी धड उत्तर सुचलं नाही आणि रात्री झोपही लागली नाही. म्हणून हा धागा.

माझे बाबा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. १९८० च्या दशकात आम्ही तालुक्याच्या गावांतून फिरत होतो. तीन वर्षं झाली की बदली. पहिल्या तिन्ही गावांत सरकारी क्वार्टर नव्हतंच, घर आपलं आपण शोधायचं. एका गावात असं झालं की आमच्या घरमालकानं दुसऱ्या एका भाडेकरूवर लावलेला दावा बाबांच्याच बोर्डावर आला. बाबांनी जिल्हा न्यायाधीशांना लिहून तो दावा दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग करून घेतला. आम्हाला वाटलं, मिटलं. पण संध्याकाळी घरी येऊन ते म्हणाले, "घर सोडायचं." माझी सहामाही परीक्षा तोंडावर होती. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. नवीन घर दोन खोल्यांचं मिळालं. निकालपत्रं लिहायला टेबल ठेवण्याएवढीही जागा नव्हती. रात्री आईचं आवरून झालं की बाबा स्वयंपाकघरात पाट मांडून बसायचे, मांडीवर फळी आणि शेजारी लाल फडक्यात बांधलेली प्रकरणं.

दुसरी आठवण एसटीतली. शनिवारी जिल्ह्याच्या ठिकाणी मीटिंग होती आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, म्हणून मी बरोबर. आमच्या शेजारी एक गृहस्थ येऊन बसले आणि नमस्कार करून म्हणाले, "साहेब, तिकिटं काढलीत तुमची." त्यांची केस सुरू होती. बाबा उठले, कंडक्टरकडून आमची वेगळी तिकिटं घेतली आणि उरलेला सगळा प्रवास दाराजवळ दांडा धरून उभे राहिले. मला राग आला होता. बसायला जागा होती ना!

तहसीलदारांना तेव्हा जीप होती. ज्याच्यापुढे सरकार प्रतिवादी म्हणून उभं राहायचं, तो मात्र पक्षकाराच्या मांडीला मांडी लावून प्रवास करत होता आणि पक्षकाराच्याच घरात भाड्यानं राहत होता.

१९८९ साली ऑल इंडिया जजेस असोसिएशननं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १३ नोव्हेंबर १९९१ ला सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र यांच्या खंडपीठानं निकाल दिला. प्रत्येक न्यायाधीशाला राहायला सरकारी घर द्या, घरी कामापुरतं ग्रंथालय द्या, जिल्हा न्यायाधीश आणि मुख्य न्यायदंडाधिकारी यांना गाडी द्या, बाकीच्यांना पाच जणांत मिळून एक गाडी द्या, प्रशिक्षणाची सोय करा, निवृत्तीचं वय ५८ वरून ६० करा. वाचताना कुणालाही वाटेल की या नोकरदारांच्या मागण्या आहेत, महागाई भत्त्यासारख्या. मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला एसटीचा दांडा आणि तो पाट दिसला.

न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दिल्ली येते, घटनापीठ येतं, मोठी नावं येतात. पण या देशातला बहुतेक माणूस आयुष्यात एकदाच कोर्टाची पायरी चढतो आणि ती तालुक्याच्या कोर्टाची असते. तिथला न्यायाधीश एकटा असतो. गावात कुणाकडे जेवायला जात नाही, लग्नाला गेलाच तर दहा मिनिटांत परततो, कुणावर विसंबू शकत नाही. त्याच्यामागे त्याच्यासारखेच इतर न्यायाधीश उभे राहिले नाहीत तर कोण उभं राहणार?

तुमच्यापैकी कुणी कोर्टात काम करतं का? तुमचे अनुभव वाचायला आवडतील. विरोधी मत असेल तर तेही मोकळेपणानं लिहा.

तरीपण

ओसरीताई, लेख मनाला भिडला, पण माझी शंका प्रामाणिक आहे. न्यायाधीशांच्या संघटनेनं याचिका करायची, ती ऐकणार न्यायाधीशच, आणि पगार-गाड्या देणार सरकार. आपल्याच ताटात आपणच वाढून घेतल्यासारखं नाही का हे? शिवाय सरकार हा कोर्टातला सर्वांत मोठा पक्षकार. त्याच्याशी पगाराची घासाघीस करणारा न्यायाधीश उद्या त्याच सरकारविरुद्ध निकाल देताना मोकळा राहील का? माझ्या चुलत्यांचा जमिनीचा दावा एकोणीस वर्षं चालला. आमच्यासारख्यांना संघटनेचं कौतुक वाटणं कठीण आहे.

वकीलबाई

जिल्हा न्यायालयात बावीस वर्षं वकिली करते आहे, म्हणून लिहिते.

तरीपण, तुमची शंका नवी नाही. १९९१ च्या निकालानंतर केंद्र आणि राज्य सरकारांनी फेरविचार याचिका केल्या, त्यात हाच मुद्दा होता: हा धोरणाचा प्रश्न आहे, कोर्टानं यात पडू नये, आणि न्यायाधीशांना दिलं तर बाकीचे कर्मचारीही मागतील. २४ ऑगस्ट १९९३ ला त्यावर जे उत्तर आलं, ते मी प्रत्येक नवीन ज्युनियरला वाचायला लावते. न्यायाधीश हे नोकर नाहीत, ते राज्याचा सार्वभौम न्यायाधिकार वापरतात; त्यांची तुलना करायचीच तर मंत्र्यांशी आणि आमदार-खासदारांशी करा, सचिवालयातल्या अधिकाऱ्यांशी नको. घटनेच्या कलम ५० नं न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी ठेवायला सांगितली आहे, मग पगाराच्या तक्त्यात ती एकत्र का बांधायची? हे सगळं त्या निकालात आलं. आणि कोर्टानं सगळं डोळे झाकून दिलं असंही नाही. वय ६० केलं, पण ५८ च्या आधी उच्च न्यायालयानं प्रत्येकाचं काम तपासायचं आणि योग्य असेल त्यालाच पुढे ठेवायचं, अशी अट घातली.

घासाघिशीबद्दल. न्यायाधीश संप करू शकत नाही, मोर्चा काढू शकत नाही, आमदाराला भेटून गाऱ्हाणं सांगू शकत नाही, वर्तमानपत्रात लिहू शकत नाही. बाकी सगळ्यांना जे रस्ते आहेत ते त्याला बंद आहेत, आणि ते बंद असणंच योग्य आहे. उरतो एकच: सगळ्यांनी मिळून, उघडपणे, कागदावर मागणं. एकट्यानं गुपचूप मागितलं तर ती मेहेरबानी होते, आणि मेहेरबानी फेडावी लागते. तुम्हाला जी भीती वाटते ती एकट्या न्यायाधीशाच्या बाबतीत खरी आहे. संघटना असली की ती कमी होते.

चुलत्यांच्या दाव्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण त्याचंही मूळ याच प्रकरणात सापडेल. २१ मार्च २००२ ला याच असोसिएशनच्या खटल्यात, न्या. जगन्नाथ शेट्टी आयोगाच्या, म्हणजे न्यायाधीशांच्या पहिल्या राष्ट्रीय वेतन आयोगाच्या, अहवालावरचा निकाल आला. त्यात न्यायाधीशांची संख्या दहा लाख लोकांमागे पन्नासपर्यंत पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं न्या, असा आदेश होता. आज मंजूर पदंच एकवीसच्या आसपास आहेत, भरलेली त्याहून कमी. हा आदेश संघटनेच्या खटल्यात झाला होता आणि तो पाळला असता तर त्याचा फायदा सर्वांत आधी तुमच्या चुलत्यांना झाला असता.

कायदा_दुसरे_वर्ष

आम्हाला न्यायालयाच्या अवमानाच्या विषयात नडियादचं प्रकरण आहे. त्यातही याचिकाकर्ती संघटनाच होती ना? सरांनी दोन ओळींत संपवलं. कुणी नीट सांगेल का?

वकीलबाई

सांगते, आणि यातलं काहीही वाढवून सांगत नाही.

१९८९ साल. गुजरातेत नडियादला मुख्य न्यायदंडाधिकारी होते. पोलीस समन्स-वॉरंट बजावत नाहीत, कामात सहकार्य करत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती आणि ती त्यांनी वरिष्ठांकडे लेखी केली. २५ सप्टेंबरला तिथल्या पोलीस निरीक्षकानं कागदपत्रं दाखवायच्या निमित्तानं त्यांना ठाण्यात बोलावलं. तिथे त्यांना मारहाण केली, तोंडात जबरदस्तीनं दारू ओतली, बेड्या घातल्या, दोरखंडानं बांधलं आणि तशाच अवस्थेत रुग्णालयात नेलं. ठाण्यात फोटोग्राफर बोलावून फोटो काढून घेतले, ते छापूनही आले. गुन्हा दाखल झाला तो न्यायाधीशांवर, दारूबंदी कायद्याखाली.

आता विचार करा. दारूबंदी असलेल्या राज्यात, बेड्या घातलेला न्यायाधीश वर्तमानपत्रात. सकाळी हा फोटो पाहणाऱ्या माणसानं त्यांच्यावर विश्वास का ठेवावा? आणि शेजारच्या तालुक्यातल्या न्यायाधीशानं उद्या पोलिसांविरुद्ध आदेश देताना काय विचार करावा?

तेव्हा दिल्ली ज्युडिशियल सर्व्हिस असोसिएशन सर्वोच्च न्यायालयात गेली. लक्षात घ्या, दिल्लीची. नडियादचा माणूस त्यांच्या ओळखीचाही नसेल. ऑल इंडिया जजेस असोसिएशनही आली. न्यायालयानं अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. आर. एम. सहाय यांच्याकडून चौकशी करून घेतली. ११ सप्टेंबर १९९१ ला निकाल लागला. निरीक्षकाला सहा महिने साधी कैद, इतर पोलिसांनाही शिक्षा, न्यायाधीशांवरचे खटले रद्द. तालुक्याच्या कोर्टाचा अवमान झाला तरी सर्वोच्च न्यायालय स्वतः दखल घेऊ शकतं, हेही त्यात ठरलं. परीक्षेत तुला तो भाग विचारतील: कलम १२९.

अटकेबाबतचे नियमही त्याच निकालातले. न्यायाधीशाला अटक करायची तर जिल्हा न्यायाधीशांना किंवा उच्च न्यायालयाला कळवून. जिल्हा न्यायाधीशांच्या आधीच्या आदेशाशिवाय ठाण्यात न्यायचं नाही. बेड्या नाहीत. जबाब घ्यायचा तर वकील किंवा दुसरा न्यायिक अधिकारी समोर हवा. गुन्हा केला तर सुटका आहे असं यात कुठेही नाही, फक्त ठाण्याच्या बंद दाराआड काही करता येणार नाही एवढंच.

निवृत्त_नाझर

मी चौतीस वर्षं कोर्टात काढली. लिपिक म्हणून लागलो, नाझर म्हणून, म्हणजे कोर्टाचे पैसे आणि समन्सची बजावणी पाहणारा कर्मचारी म्हणून, निवृत्त झालो. कितीतरी साहेब आले-गेले.

बाहेरचा दबाव लोकांना दिसतो. आतला दिसत नाही. तो मी पाहिला आहे. निनावी अर्ज हा त्यातला सर्वांत वाईट. एका गावात आमच्याकडे नवीन साहेब आले होते, वय अठ्ठावीस-एकोणतीस. एका वजनदार माणसाला मनाईहुकूम दिला नाही म्हणून त्यांच्यावर लागोपाठ तीन अर्ज गेले. त्यांतल्या एकात तर साहेब बाजारात भाजी फुकट घेतात असं लिहिलं होतं. मंडईत जायचो तो मी, कारण साहेब स्वतः कधीच बाजारात जात नसत. पैसे मी माझ्या हातानं दिलेले. चौकशी झाली, काही निघालं नाही. पण सहा महिने त्या माणसाचा चेहरा मी रोज पाहत होतो. जामिनाचा अर्ज आला की पेन उचलायचे आणि परत ठेवायचे. आधी उभ्या उभ्या आदेश सांगणारा माणूस, नंतर "बुधवारी ठेवा" म्हणायला लागला. मला वाटतं पक्षकाराला मिळणाऱ्या तारखांपैकी काही अशाही असतात.

त्यांच्या पाठीशी कोण होतं? शेजारच्या तालुक्यातले एक ज्येष्ठ न्यायाधीश संघटनेचं काम पाहत. ते एका रविवारी स्वतःच्या स्कूटरवरून आले, दिवसभर बसले, खुलासा कसा लिहायचा ते दाखवलं. जाताना मला म्हणाले, "नाझर, साहेबांना जेवायला लावत जा." एवढंच. संघटना म्हणजे माझ्यासाठी ती स्कूटर.

वकीलबाई

नाझरकाका, यावर १९८८ चा ईश्वरचंद जैन यांचा निकाल आहे. क्षुल्लक तक्रारींवरून चौकश्यांची टांगती तलवार ठेवली तर न्यायाधीश स्वतंत्रपणे काम करू शकणार नाही, प्रामाणिक अधिकाऱ्याचं रक्षण करणं हे उच्च न्यायालयाचं कर्तव्य आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. कलम २३५ खाली नियंत्रण उच्च न्यायालयाचं, म्हणून सांभाळायची जबाबदारीही त्यांचीच.

सुपारी_फुटली

वाचनखूण साठवली. नाझरकाका, अजून लिहा.

दूरदेशी

मी गेली बारा वर्षं युरोपात आहे. कायद्याचा माणूस नाही, भाषांतराचं काम करतो, पण त्यामुळेच हे कागद हाताखालून जातात. इकडचं थोडं सांगतो, कारण संघटना नसली किंवा मोडली की काय होतं ते इथे डोळ्यांसमोर घडलं.

पोलंड. तिथे न्यायाधीशांची यूस्तित्सिया नावाची संघटना आहे, १९९० मध्ये स्थापन झालेली. २०१८ मध्ये सरकारनं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून ६५ वर आणलं, म्हणजे नको असलेले बरेच जण एका फटक्यात घरी. पुढे २०१९ च्या शेवटी असा कायदा केला की न्यायाधीशांनी आपण कोणत्या संघटनेचे सभासद आहोत ते जाहीर करायचं. लोक त्याला तोंडबंदी कायदा म्हणायचे. ११ जानेवारी २०२० ला वॉर्सात न्यायाधीश झगे घालून रस्त्यावर उतरले, मूकपणे चालले. वीसहून जास्त युरोपीय देशांतले न्यायाधीश त्यांच्याबरोबर होते, आपापल्या देशाचे झगे घालून. वेगवेगळ्या रंगांचे आणि कॉलरांचे ते झगे फोटोत पाहिले तरी गळा दाटून येतो. ५ जून २०२३ ला युरोपीय संघाच्या न्यायालयानं तो कायदा संघाच्या कायद्याशी विसंगत ठरवला.

तुर्कस्तानात शेवट तसा झाला नाही. तिथे यारसाव ही न्यायाधीश-सरकारी वकिलांची संघटना होती. जुलै २०१६ मध्ये बंडाचा प्रयत्न फसला आणि आठवड्याभरात वटहुकूम काढून संघटना बंद केली. अध्यक्ष मुरात अर्सलान ऑक्टोबरमध्ये तुरुंगात गेले. २०१७ मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेचा वात्स्लाव हावेल पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा ते कोठडीत होते. जानेवारी २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

पण तरीपण यांच्या प्रश्नाला खरं उत्तर पोर्तुगालमध्ये आहे. तिथे सरकारनं तूट भरून काढायला पगार कापले. न्यायाधीशांच्या संघटनेनं लेखापरीक्षा न्यायालयाच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या न्यायालयाच्या, न्यायाधीशांसाठी दावा केला. २७ फेब्रुवारी २०१८ ला लक्झेंबर्गच्या, म्हणजे त्याच युरोपीय संघाच्या, न्यायालयानं निकाल दिला आणि संघटना हरली! कपात सर्वांना होती, तात्पुरती होती, म्हणून त्यात गैर काही नाही असं ठरलं. मात्र त्याच निकालात न्यायालयानं हेही मांडलं की सदस्य देशांमधल्या न्यायालयांचं स्वातंत्र्य राखणं ही युरोपीय कायद्यानं घातलेली जबाबदारी आहे, आणि पुरेसा पगार हा त्या स्वातंत्र्याचा भाग आहे. पुढे पोलंडच्या न्यायाधीशांना वाचवणारे निकाल याच पायावर उभे राहिले. पगाराच्या भांडणातून, तेही हरलेल्या.

तरीपण

दूरदेशी, हे माहीत नव्हतं. पोर्तुगालचं वाचून माझं मत बरंच हललं. तरी एक विचारतोच. संघटना भ्रष्ट न्यायाधीशाच्या पाठीशीही उभी राहील ना? आपला माणूस म्हणून?

ओसरी

राहू शकते, आणि राहिली तर ती संघटना न्यायाधीशांची उरत नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये न्यायपालिकेच्या स्वातंत्र्याची मूलतत्त्वं मान्य केली. त्यातलं नववं तत्त्व न्यायाधीशांना संघटना करण्याचं स्वातंत्र्य देतं, आणि ती कशासाठी तेही सांगतं: हितासाठी, प्रशिक्षणासाठी आणि न्यायिक स्वातंत्र्य जपण्यासाठी. भ्रष्ट माणसाला वाचवणं यात कुठे बसतं? २००२ च्या बंगळूर तत्त्वांतही हा हक्क आहे, पण ती तत्त्वं मुळात न्यायाधीशानं कसं वागावं याबद्दलची आहेत. दोन्ही एकाच कागदावर आहेत हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. आपल्याकडच्या संघटनांनी पगार, निवृत्तिवेतन, बढत्या यांवर चिकाटीनं लढून खूप मिळवलं. जानेवारी २०२४ मध्येही न्यायाधीशांसाठीच्या दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशींवरचे भत्ते ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्याच याचिकेतून पदरात पडले. पण नाझरकाकांनी सांगितलं त्यावर, म्हणजे बदल्या, गोपनीय अहवाल, निनावी अर्ज यांवर तेवढ्या जोरानं कुणी बोललेलं मला दिसत नाही. घराला भिंती मिळाल्या, आत बसलेल्या माणसाची भीती तशीच आहे. जुलै २०२१ मध्ये धनबादला सकाळी फिरायला गेलेल्या न्या. उत्तम आनंद यांना रिक्षानं उडवून मारलं, तेव्हा महिनाभर सुरक्षेची चर्चा झाली. ती कुणीतरी सतत लावून धरायला हवी होती.

काल बाबांना फोनवर हा धागा वाचून दाखवला. सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "त्या नाझरांचे साहेब पुढे टिकले का?"

निवृत्त_नाझर

टिकले. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. बाबांना माझा नमस्कार सांगा.

कायदा_दुसरे_वर्ष

मला न्यायाधीशच व्हायचं आहे. पण २० मे २०२५ च्या निकालानं तीन वर्षं वकिलीची अट परत आली म्हणतात. आमच्या वर्गात सगळे घाबरलेत. घरची परिस्थिती अशी आहे की तीन वर्षं बिनपगारी काढणं अवघड आहे.

वकीलबाई

हो, आली. आणि हाही त्याच असोसिएशनचा खटला. १९९३ मध्ये अट घातली, २००२ मध्ये काढली, आता परत लावली. जिल्हा न्यायाधीशपदासाठी कनिष्ठांतून स्पर्धा परीक्षेनं निवडायच्या जागाही त्या निकालानं १० टक्क्यांवरून पुन्हा २५ टक्के केल्या. तुझी काळजी रास्त आहे, विशेषतः मुलींची आणि पहिल्या पिढीतल्या वकिलांची. पण दोन गोष्टी लक्षात ठेव. वर्षं मोजायची ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून, बार परीक्षेच्या निकालापासून नव्हे. आणि न्यायाधीशांकडे विधी लिपिक म्हणून केलेलं कामही धरतात.

तिसरं वर्ष संपलं की मला इथे व्यक्तिगत निरोप कर. माझ्याकडे ज्युनियरला पहिल्या महिन्यापासून मानधन असतं. रोज सकाळी साडेदहाला कोर्टात हजर राहावं लागेल, आणि पहिले सहा महिने फक्त रोजनामे, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याच्या नोंदी, वाचायचे.